बीजेजेचा क्लास निवडायचाय : काचेचा की पत्र्याचा?

वाळूजचा_पाहुणा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मूळचा औसा तालुक्यातला, नोकरीमुळे सध्या छत्रपती संभाजीनगरात. वय ३६, पोट पुढे, एक गुडघा अधूनमधून कुरकुरतो. पुण्यात होतो तेव्हा आठ महिने ब्राझिलियन जिऊ-जित्सू, म्हणजे बीजेजे, केलं होतं. पांढऱ्या म्हणजे पहिल्याच पट्ट्यावर दोन स्ट्राइप (प्रगतीच्या पट्ट्या) मिळाल्या, तेवढ्यात बदली झाली आणि गी, म्हणजे खेळायचा जाड पोशाख, कपाटात गेली. आता परत सुरू करायचंय. या खेपेला मुलगीही येते म्हणते, वय ११.

शोधशोध करून दोन जागा सापडल्या. नावं देत नाही.

पहिलीला 'काचेची' म्हणू. मोठ्या रस्त्यावर, एसी, दर्शनी भिंत अख्खी काचेची. आत प्रमाणपत्रं आणि ट्रॉफ्या. सरांना चार कलांत ब्लॅक बेल्ट आहे असं फ्लेक्सवर लिहिलंय. क्लास बघू द्या म्हटलं तर खुर्चीत बसवून माहितीपत्रक हातात दिलं. फी वर्षाची एकदम. शिवाय '१८ महिन्यांत ब्लॅक बेल्ट' असा वेगळा कोर्स आहे, त्याची फी विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरी 'पत्र्याची'. हार्डवेअरच्या दुकानावर पत्र्याचं शेड, जिना असा की कठडा धरल्याशिवाय उतरवत नाही, आणि कठडाही हलतो. शिकवणारा २७-२८ वर्षांचा मुलगा, पर्पल बेल्ट (काळ्याच्या दोन पायऱ्या खाली), दिवसा नोकरी करतो. महिना दोन हजार. बारा-चौदा जण होते. मुलीला घ्याल का विचारलं तर म्हणाला, "काका, लहान मुलांची बॅच दोन महिन्यांपूर्वीच सुरू केलीय. त्यात मीही नवाच आहे." काका म्हणाला ते जरा लागलं, पण असो.

घरच्यांचं मत काचेकडं. तुम्ही काय बघून ठरवलं असतं?

चहाटळ | रविवार, रात्री ९:५२

मे महिन्यात एसी हाच ब्लॅक बेल्ट. वहिनींचं ऐका.

तालमीतला | रविवार, रात्री १०:१५

पाहुणे, औशाचे म्हणजे आमचेच की तुम्ही. मी निलंग्याकडचा. आपल्या लातूर जिल्ह्यानं हरिश्चंद्र बिराजदारांसारखा पैलवान दिला. बीडचा राहुल आवारे २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेऊन आला. अन् तुम्ही महिना दोन हजार देऊन ब्राझीलची कुस्ती शिकू लालाव? आमच्या तालमीत वस्ताद एक रुपया घेत न्हाईत. गुरुपौर्णिमेला फेटा अन् नारळ, झालं.

एकदा मोबाइलवर तुमचं ते बघितलं. पोरगं आपणहून पाठीवर पडलं! आमच्यात पाठीला माती लागली की खेळ खलास. अन् हे खुशाल झोपतंय. मला तर काय उमजलं न्हाई बुवा.

गोदातीर | रविवार, रात्री १०:५८

@तालमीतला, हा प्रश्न प्रत्येक पैलवान विचारतो. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, म्हणून पाठ वाचवण्यातच निम्मा जीव जातो. बीजेजेत पाठ टेकल्यानं काही बिघडत नाही. समोरच्याचा हात, पाय किंवा गळा असा अडकवायचा की त्यानं थाप मारून 'सोड' म्हटलं पाहिजे. म्हणून पाठीवर पडून दोन्ही पायांत वरच्याला अडकवून ठेवतात, त्याला गार्ड म्हणतात. माझ्या क्लासला तुमच्यासारखा एक गडी आला होता. पहिल्या दिवशी पट काढून, म्हणजे पाय धरून, एकेकाला खाली घेतलं, कुणाचं काही चाललं नाही. मग सवयीनं पाठ वाचवायला पालथा झाला आणि मागून गळा देऊन बसला. रोज तेच. दोन महिन्यांनी सवय मोडली, आता आम्हाला कुणालाच आवरत नाही.

आणि ही विद्या निव्वळ ब्राझीलचीही नाही. जपानी ज्युदोवाला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. पुढं बेलें शहरात कार्लोस ग्रेसी त्याच्याकडं शिकला, मग त्याचे भाऊ. जमिनीवरचे डाव ज्युदोत होतेच, या लोकांनी तेच धरून वाढवले. १९९३ च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लढवय्यांची स्पर्धा, झाली, तिथं रॉइस ग्रेसीनं एका रात्रीत तिघांना थाप मारायला लावली, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

आता पाहुण्यांचं. १८ महिन्यांत ब्लॅक बेल्ट! आयबीजेजेएफ ही या खेळातली सगळ्यात मोठी स्पर्धा घेणारी संघटना. तिच्या नियमात निळ्या पट्ट्यावर किमान २ वर्षं, पर्पलवर दीड, ब्राउनवर १ वर्ष काढावं लागतं. निळा बांधल्या दिवसापासून मोजलं तरी साडेचार वर्षं झाली, आणि तीही कागदावरची. बहुतेकांना दहाएक वर्षं लागतात. मला नऊ वर्षं झाली, अजून ब्राउन आहे. १८ महिने तरी कशाला थांबायचं, गुलमंडीत कापड घेऊन शिंप्याकडं टाकलं तर संध्याकाळी मिळेल.

चार कला कोणत्या, तेही विचारा. 'जिऊ-जित्सू' या एका पाटीखाली आपल्याकडं बरंच काही खपतं. जपानी जुजुत्सू वेगळं, त्यात मनगट पिरगाळणं, चाकू हिसकावणं वगैरे असतं. त्यातला ब्लॅक बेल्ट खरा असू शकतो, मी खोटा म्हणत नाही. पण तबल्याच्या परीक्षा दिलेल्या माणसानं सतार शिकवू नये.

बीजेजेत 'तुम्हाला पट्टा कुणी बांधला' हा प्रश्न उद्धटपणाचा धरत नाहीत. ज्यानं बांधला त्याचं नाव, त्याला कुणी बांधला त्याचं नाव, अशी साखळी सांगता येते. दोन्हीकडं विचारा आणि उत्तरापेक्षा चेहरा बघा.

वाळूजचा_पाहुणा | सोमवार, सकाळी ७:२०

धन्यवाद. एक राहिलं. काचेच्या सरांचा मोठा फोटो आहे, त्यात कमरेला लाल पट्टा आहे. हा कितवा?

गोदातीर | सोमवार, सकाळी ७:३१

वय काय सरांचं?

वाळूजचा_पाहुणा | सोमवार, सकाळी ७:३३

पस्तिशीतले असतील.

गोदातीर | सोमवार, सकाळी ७:४५

बीजेजेत लाल पट्टा म्हणजे नववी डिग्री, काळ्याच्याही पुढची पायरी. ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर जवळजवळ अर्धं शतक लागतं त्याला. तो बांधणारे लोक आजोबा-पणजोबा असतात. तायक्वांदोत मात्र लाल पट्टा काळ्याच्या आधी येतो, तेव्हा फोटो तिथला असेल तर सरांचा दोष नाही. फोटोखाली काय लिहिलंय ते वाचा.

चहाटळ | सोमवार, सकाळी ८:०२

म्हणजे पणजोबांनी एसी लावलाय. मला अजून आवडले.

शंकासुर | सोमवार, दुपारी १:१०

सगळे पट्ट्याच्या मागे लागलेत. मला उलट विचारायचंय. पर्पल बेल्ट म्हणजे अर्धवट शिकलेला ना? मग त्याच्या हाती स्वतःची मान कशी द्यायची? आठ महिने शिकलेला विद्यार्थी आणि अर्धवट मास्तर, वर मुलगी.

गोदातीर | सोमवार, दुपारी २:३०

रास्त शंका. पण पर्पल म्हणजे साधारण पाच-सहा वर्षं घासलेला माणूस, अर्धवट म्हणता येणार नाही. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत दर गल्लीत ब्लॅक बेल्ट बसलेला नाही. ब्राझीलमध्येही सुरुवातीला हेच होतं. ओस्वाल्दो फाद्दा नावाचे शिक्षक रिओच्या गरीब उपनगरात शिकवायचे, परवडत नाही त्यांना फुकट. त्यांच्या पोरांनी नामांकित ग्रेसी अकादमीला आव्हान दिलं आणि पायाच्या डावांवर हरवलं. पत्र्याखालून माणसं निघतात.

फरक इतकाच, की पर्पलवाल्याच्या मागं कुणीतरी मोठा हवा. तो स्वतः अजून शिकतोय का, वर्षातून दोनदा तरी पुण्या-मुंबईला त्याच्या गुरूकडं जातो का, त्याच्या विद्यार्थ्यांना पट्टे तोच वाटतो की गुरू येऊन बांधतो? स्वतःच सगळं वाटत असेल तर शंकासुर बरोबर.

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:१५

मी लिहीन की नको असा विचार करत होतो. माझा डावा कोपर पूर्ण सरळ होत नाही, त्याची गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, क्लासही नाही.

तिथले सर खरे पट्टेवाले होते. कागदपत्रं चोख, साखळी चोख, स्पर्धेतली पदकं खरी. पहिल्याच आठवड्यात मला एका ९० किलोच्या गड्यासमोर मोकळ्या झुंजीला सोडलं. मी ६१ किलो. त्यानं हात ओढून आर्मबार (कोपर उलटा ताणायचा डाव) लावला. मी थाप मारली, एकदा, दोनदा. त्यानं सोडला, पण आधी थोडा जास्त ओढून. कट् असा आवाज आला. सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. म्हणाले, "थाप जरा उशिरा मारायला शीक, ताकद येईल." आणि घड्याळ चालू ठेवलं.

मी घरी आलो, बायकोला सांगितलं पडलो म्हणून. हाडाच्या डॉक्टरांनी सहा आठवडे हात बांधून ठेवला.

त्यानंतर चार ठिकाणी क्लास बघितले आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट बघितली. थाप पडली की काय होतं. तत्क्षणी सुटतो की नाही. नाही सुटला तर शिक्षक काय करतो. आता जिथं जातो तिथल्या सरांनी एका चांगल्या खेळणाऱ्या पोराला याच कारणावरून पंधरा दिवस मॅटवर येऊ दिलं नाही. त्या दिवशी मी फी भरली. त्यांचा पट्टा मला आठवतही नव्हता, नंतर बघितला.

तालमीतला | सोमवार, रात्री ९:४०

वाईट वाटलं वाचून. आमच्या वस्तादानं असल्या पोराला हौद्यातच आडवा केला असता. नव्या पोराला पैलं सा महिने जोर, बैठका, अन् माती उकरायचं काम. जोड लावताना वजन बघत्यात, वय बघत्यात, अन् घरी काही दुखणं हाय का तेबी इचारत्यात.

गोदातीर | सोमवार, रात्री १०:०५

@मांजराकाठ, तो सल्ला देणारे सर १९५१ ची गोष्ट विसरले असावेत. माराकानाच्या मैदानात जपानी ज्युदोवाल्या किमुरानं हेलिओ ग्रेसीचा हात पिरगाळला. हेलिओनं थाप मारली नाही. हात मोडला, तरी मारली नाही, शेवटी भाऊ कार्लोसनं टॉवेल टाकला. त्या डावाला आजही किमुराच म्हणतात. हेलिओला ती मोठेपणाची गोष्ट वाटली असेल. आपल्याला मंगळवारी सकाळी कंपनीत हजेरीचं कार्ड पंच करायचं असतं.

गळ्याच्या डावांत तर वेळच नसतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या की दहाएक सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. तिथं उशीर करायला शिकवणारा माणूस शिक्षक नव्हे.

ज्युदोवाली | मंगळवार, सकाळी ११:२५

नांदेडहून. कॉलेजात ज्युदो खेळले, आता माझी दोन्ही मुलं बीजेजे करतात, त्यामुळे पाहुण्यांच्या लेकीबद्दल लिहिते. दादा, तुमचा क्लास आणि तिचा क्लास हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्हाला जो उत्तम शिकवतो तो तिला शिकवू शकेलच असं नाही.

मुलांच्या बॅचला पूर्ण वेळ बसून बघा. आई-बाबांना आत बसू देत नसतील तर तिथंच चप्पल घाला आणि निघा, पुढचं काही विचारू नका. दुसरं, पट्टे. लहान मुलांचे पट्टे पांढरा, करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा असे जातात. निळा सोळाव्या वर्षी. बारा वर्षांचं पोर निळा पट्टा बांधून फिरताना दिसलं तर तिथं पट्टे फीच्या पावतीबरोबर मिळतात. तिसरं, १६ वर्षांखालच्यांना स्पर्धेत पायाचे लॉक चालत नाहीत. मुलांच्या बॅचमध्ये घोटा पिरगाळायला शिकवत असतील तर त्यांना नियम तरी माहीत नाहीत किंवा पर्वा तरी नाही.

आणि जोडीदार. हा खेळ अंगाला अंग लावून खेळायचा आहे, हे मुलीला आधी घरी सांगा. 'मला याच्यासोबत नको' म्हणायची मुभा तिला असली पाहिजे, कारण न सांगता. माझ्या लेकीनं एका मुलाबद्दल असं म्हटलं तेव्हा सरांनी 'बरं' म्हणून जोडी बदलली, चारचौघांत का म्हणून विचारलं नाही. मोठ्यांच्या बॅचला बायका आहेत का तेही बघा. एक जरी बाई दोन-तीन वर्षं टिकून असेल तर ती जागा बरी असते. तिला बाजूला गाठून विचारा, सगळं कळेल. कपडे बदलायला कडी असलेली खोली हवी. पडदा नको, कडी.

तुमच्या त्या मुलानं 'लहान मुलांत मी नवा आहे' असं स्वतःहून सांगितलं, हे मला फार आवडलं.

शंकासुर | मंगळवार, दुपारी १२:४०

ज्युदोवाली ताई, मुद्दे पटले. पण दहावीच्या क्रीडा गुणांचं काय? काचेवाले नक्की सांगत असतील की प्रमाणपत्र देतो.

वाळूजचा_पाहुणा | मंगळवार, दुपारी १:०५

सांगितलं ना! 'राष्ट्रीय प्रमाणपत्र, सवलतीचे गुण, पुढं नोकरीत ५ टक्के आरक्षण', सगळं एका दमात.

ज्युदोवाली | मंगळवार, दुपारी १:३०

यावर फी भरू नका. सवलतीचे गुण काय, नोकरीतलं खेळाडू आरक्षण काय, कोणता खेळ, कोणत्या संघटनेची स्पर्धा आणि कोणती पातळी हे शासनाच्या निर्णयात ठरलेलं असतं, पुढं प्रमाणपत्राची पडताळणीही होते. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन त्या संघटनेचं नाव दाखवा, तिथलं उत्तर खरं. २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत जिऊ-जित्सू होतं हे खरंय, पण म्हणून गल्लीतल्या 'नॅशनल'चा कागद चालतो असं नाही. एका हॉलमध्ये दोन दिवसांत उरकलेल्या 'नॅशनल' मी पाहिल्यात, सगळ्यांना सुवर्ण. आमच्या शेजारच्या काकांनी तीन वर्षं ट्रॉफ्या गोळा केल्या, अर्ज भरायच्या वेळी एकही उपयोगाची निघाली नाही.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ८:५०

अजून एक सांगतो, लातूरवाल्यांनाच सुचेल असं. पाणी.

मॅट रोज पुसली पाहिजे. जंतुनाशक टाकून, सगळी. नाहीतर नायटा. एकाला झाला की पंधरा दिवसांत दहा जणांना, घरच्यांना वेगळा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आठवतंय ना सगळ्यांना? त्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच वानवा, मॅट कोण पुसणार. माझ्या मानेवर गजकर्णाचं जे वर्तुळ उठलं ते दिवाळीपर्यंत गेलं नाही. आजही टँकर सुरू झाले की पहिली काटकसर मॅटवर होते. म्हणून क्लास बघायला जायचं तर एप्रिल-मेमध्ये जावं, पावसाळ्यात सगळेच स्वच्छ.

गीचंही तसंच. एकदा घातली की धुवायलाच हवी, आणि जाड कापडाला दोन बादल्या पाणी लागतंच. आपल्या उन्हात तासात वाळते, एवढंच सुख.

तालमीतला | मंगळवार, रात्री ९:१०

म्हणून तर आम्ही मातीत हळद, लिंबू, ताक, तेल घालतो. अन् चपला बाहेर. तुमच्या पोरांना संडासला जाताना मॅटवरनं अनवाणी जाताना बघितलं मी, त्याच पायानं परत येत्यात. ह्ये बघा आधी.

गोदातीर | मंगळवार, रात्री ९:२२

हा मुद्दा माझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा भारी. संडासाच्या दाराशी चपला ठेवल्यात का ते बघा.

आणि एक. 'दुसऱ्या क्लासला पाय ठेवायचा नाही' अशी अट कोण घालतं का तेही विचारून घ्या. ब्राझीलमध्ये सोडून जाणाऱ्याला 'क्रेओन्ते' म्हणून हिणवायची पद्धत होती. ती तिकडंही विरत चाललीय, आपल्याकडं मात्र काहींनी नव्यानं आणलीय.

तालमीतला | मंगळवार, रात्री ९:३०

वस्तादाला न इचारता दुसऱ्या तालमीत जाणं आमच्यातबी बरं दिसत न्हाई. पण इचारलं तर कोण अडवत न्हाई.

वाळूजचा_पाहुणा | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:१०

मंडळी, उशीर झाला, माफी असावी. कंपनीत शटडाउन होतं.

दोन्हीकडं परत गेलो, या वेळी घरच्यांना घेऊन. काचेच्या सरांना विचारलं, बीजेजेचा पट्टा कुणी बांधला. सर चिडले नाहीत, हसले. म्हणाले, आमची स्वतःची पद्धत आहे, सगळ्या कलांचं सार आहे. फोटोखाली तायक्वांदो लिहिलेलं होतं. गोदातीर, तुम्ही म्हणालात तसंच. तायक्वांदोची बॅच बघू दिली, ती खरंच चांगली होती. मुलं शिस्तीत, सर जातीनं लक्ष देत होते. कुणाला तायक्वांदो करायचं असेल तर मी तिथंच पाठवीन. बीजेजेची बॅच मात्र 'पुढच्या महिन्यात सुरू होतेय'. गेल्या महिन्यातही तेच होतं.

पत्र्याच्या मुलानं त्याच्या गुरूंचं नाव सांगितलं, तिथल्या तिथं फोन लावून दिला. ते पुण्याचे, दर तीन-चार महिन्यांनी येतात, पट्टे तेच बांधतात. क्लास बघताना एका कॉलेजच्या पोरानं थाप पडल्यावर अर्धा क्षण जास्त धरलं. या मुलानं घड्याळ थांबवलं, दोघांनाही बसवलं आणि बाकीच्यांचं चालू ठेवलं. ओरडला नाही. घरच्यांनी माझ्याकडं बघितलं, मी काही बोललो नाही.

संडासाच्या दाराशी चपला होत्या. एक निळी, एक हिरवी, पण होत्या.

मुलीची बॅच मी आणि हिनं मिळून तीन वेळा बघितली. सात मुलं, त्यात दोन मुली. तो खरंच नवखा आहे, मुलं गलका करतात तेव्हा गोंधळतो. ज्युदोवाली ताईंचं सांगितलं त्याला, एक मोठी बाई आहे त्यांच्या बॅचला, चार वर्षांपासून, ती आता शनिवारी मुलांना बघायला येते. कडी मात्र नव्हती. हिनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी होती. खालचंच दुकान.

तीन महिन्यांची फी भरलीय, वर्षाची नाही. गुडघ्याचं आधीच सांगून ठेवलं, तो मला नव्या लोकांसोबत बसून सुरुवात करायला लावतो, उभ्यानं नाही. मुलीनं परवा घरी गालिच्यावर मला गार्डमधून उलटवलं. मी थाप मारली, लगेच सोडलं तिनं.

तालमीतला, पत्र्याच्या त्या मुलाला तुमचं सगळं वाचून दाखवलं. म्हणतो, वस्तादांना एकदा घेऊन या, पट काढायचं नीट शिकायचंय, इथं सगळे आधीच बसतात.

तालमीतला | शनिवार, रात्री १०:२५

येऊ की. दिवाळीनंतर. पण पाठीवर पडायचं सांगू नका वस्तादांना.

चहाटळ | शनिवार, रात्री १०:३१

आणि एसी?

वाळूजचा_पाहुणा | शनिवार, रात्री १०:३४

एक कूलर आहे. पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं.